ह्या उल्का न्हाईत

दिनांक : ९ मार्च २०२६

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
नक्षत्रग्राम अभियान कक्ष,
सातारा.

अर्जदार : बिराप्पा सिदू पुकळे, निवृत्त हवालदार, वय ६०, रा. मौजे खडकमाळ, पो. म्हसवड, ता. माण, जि. सातारा.

विषय : छायाचित्र स्पर्धेतील प्रथम क्रमांक परत घेणेबाबत, तसेच आपल्या फलकावर अर्जदाराने स्वहस्ते केलेल्या दुरुस्तीबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची तक्रार, दि. २७ ऑक्टोबर २०२५ (आपण ती वाचलेली नाही).
२) आपली नोटीस, दि. २ मार्च २०२६ (अर्जदाराने ती तीन वेळा वाचली).

महोदय,

१. आपल्या नोटिशीत अर्जदाराचा उल्लेख "आकाशाचा छंद असलेले ज्येष्ठ नागरिक" असा केला आहे. तो चुकीचा आहे. अर्जदाराने चोवीस वर्षे तोफखान्याच्या सर्व्हे रेजिमेंटमध्ये काढली. ध्रुवताऱ्यावरून उत्तर दिशा पक्की करायची आणि ती तोफांना द्यायची, हे त्याचे काम. त्यात अंशाची चूक झाली तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो. आपल्या कक्षात चूक झाली तर काय पडते, याची अर्जदारास कल्पना नाही, बहुधा टाळ्या.

२. सेवानिवृत्तीनंतर अर्जदार गावी आला. विट्याचा त्याचा जुना मित्र नानासो तमिळनाडूत सेलमला सोने गाळण्याचे दुकान चालवतो. त्याने आपला वापरलेला कॅमेरा पाठवला. तो मेंढरांच्या वाड्याशेजारच्या घराच्या स्लॅबवर पक्का बसवून, २०१३ पासून प्रत्येक निरभ्र संध्याकाळी, दिवस मावळल्यावर तासाभराने, अर्जदार आकाशाच्या ठरलेल्या तुकड्याचे फोटो घेतो आणि जुन्या फोटोंशी ताडून पाहतो. काल नव्हता असा एखादा ठिपका आज आहे का, एवढेच पाहायचे. बारा वर्षांत असा ठिपका सापडला नाही. त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. ज्याचे बाप-आजे मेंढरामागे दहा-दहा महिने चालले, त्याला बारा वर्षे जागेवर उभे राहणे जड जात नाही.

३. सन २०२० पासून फोटोंत पांढऱ्या रेघा येऊ लागल्या. पहिल्यांदा अर्जदारास त्या विमानाच्या वाटल्या. त्या उपग्रहांच्या होत्या. इंटरनेट पुरवण्यासाठी कंपन्या शेकडो उपग्रह एका माळेत सोडतात. खाली आपल्याकडे अंधार पडतो, पण तितक्या उंचीवर ऊन असते, म्हणून ते दिवेलागणीला आणि पहाटे सर्वांत जास्त चमकतात. त्यातली दिवेलागण हीच नेमकी अर्जदाराच्या कामाची वेळ. मागील वर्षी त्याच्या दर दहा फोटोंतील चार बाद झाले. ही माहिती अर्जदाराने तक्रारीत याहून सोप्या शब्दांत दिली होती. आपल्या कक्षासाठी आणखी सोपे कसे लिहावे, हे त्यास समजत नाही.

४. दि. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी सायंकाळी सात वाजून अकरा मिनिटांनी घेतलेल्या फोटोत धनू राशीत एक ठिपका दिसला. बारा वर्षांच्या एकाही फोटोत तो नव्हता. अर्जदाराने जुने फोटो पुन्हा एकदा ताडून पाहिले. त्याने पत्नी अंजना हिला हाक मारून वर बोलावले. ती पिठाच्या हातांनी आली आणि म्हणाली, "कुटला म्हणायचा त्यो? समदे सारकेच दिसत्यात की." अर्जदाराने फोटोवर बोटाने दाखवला. ती वाकून पाहून म्हणाली, "आवं, मग आता ह्याचं नाव काय ठिवायचं?"

नाव ठेवण्याआधी खात्री लागते. नवा तारा, म्हणजे अचानक भडकून दिसू लागलेला तारा, कळवायचा तर काही मिनिटांच्या अंतराने दुसरा स्वच्छ फोटो हवा. अर्जदाराने दुसरा घेतला. ठिपक्यावरून रेघ गेली. तिसरा घेतला, दुसरी रेघ गेली. चौथ्याच्या वेळी पश्चिमेकडून ढग वर आला. अर्जदाराने आहे ते तिन्ही फोटो परदेशातील तपासणी करणाऱ्या मंडळींना पाठवले. ग्रामपंचायतीवर आपण बसवलेल्या उपग्रह-इंटरनेटच्या तबकडीवरूनच ते गेले. जलद गेले, हे अर्जदार नाकारत नाही.

उत्तर सकाळी आले. फोटोंत उपग्रहांच्या रेघा असल्याने सदर ठिपका हीदेखील उपग्रहाची चमक असावी. पुढील निरीक्षणाशिवाय नोंद घेता येत नाही. त्यांचे काही चुकले नाही. अर्जदार त्यांच्या जागी असता तर त्यानेही तेच लिहिले असते. १८ तारखेस दिवसभर ढग होते. १९ तारखेस आकाश धुतल्यासारखे झाले, आणि नुकत्याच सोडलेल्या उपग्रहांची माळ बरोबर धनूमधून गेली. अर्जदाराने एका फोटोत एकोणचाळीस रेघा मोजल्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बातमी आली की दुसऱ्या देशातील एका निरीक्षकाने धनूमध्ये नवा तारा शोधला आहे. जागा तीच. उपग्रह म्हणून टाकून दिलेला तो तारा खराच होता. अर्जदाराने त्या दिवशी पूजेला बसून घेतले, पण जेवला नाही.

५. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करणे भाग आहे. अर्जदाराचा मुलगा राजवर्धन काश्मीरमध्ये एका चौकीवर आहे. पूर्वी महिना-महिना आवाज यायचा नाही. आता त्याच तबकडीमुळे आठवड्यातून दोनदा त्याचे तोंड दिसते. अर्जदार तबकडीला शिव्या देऊ लागला तेव्हा अंजना म्हणाली, "तुमचा तारा ग्येला, मला बी वाईट वाटतंय. पर माजं पोरगं त्यात दिसतंय. तबकडीला काय बोलायचं न्हाई." म्हणून त्याने आपल्याकडे तबकडी काढा असा अर्ज केला नाही. कंपन्यांनी उपग्रह काळे, कमी चमकणारे करावेत आणि त्यांच्या वाटा आधी कळवाव्यात, ही मागणी आपल्या शिफारशीने वर पाठवावी, एवढेच मागितले. सोबत एकोणचाळीस रेघांचा तो फोटो पुरावा म्हणून जोडला.

६. आपल्या कक्षाने तक्रार बाजूला ठेवली आणि फोटो आपल्या आकाश-पर्यटनाच्या स्पर्धेत घातला.

दि. २६ जानेवारीच्या कार्यक्रमाचे बोलावणे आले तेव्हा अर्जदारास वाटले, तक्रारीची सुनावणी असावी. तो पहाटेच्या एस.टी.ने साताऱ्यास आला. तेथे व्यासपीठावर त्याच्या फोटोची दाराएवढी मोठी प्रत लावलेली होती. खाली लिहिले होते : "माणदेशी उल्कावर्षाव – प्रथम क्रमांक". आपण स्वतः अर्जदाराच्या खांद्यावर शाल घातली. तो आपल्या कानाशी म्हणाला, "साहेब, ह्या उल्का न्हाईत. उपग्रह हायेत. म्या तक्रार केलती." आपण कॅमेऱ्याकडे पाहत हसून म्हणालात, "असू द्या हो हवालदार, दिसतायत किती छान!" अर्जदाराने त्या वेळी शाल फेकून द्यायला हवी होती. शिस्तीचा माणूस असल्याने तो सरळ उभा राहिला. याची त्यास आजही लाज वाटते. आपणास कशाची वाटते, हे विचारण्याचा त्यास अधिकार नाही.

तीनच दिवसांनी आपले पत्र आले की, अर्जदाराने सत्कार स्वीकारल्याने त्याची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. हे पत्र ज्याने सुचवले त्या बुद्धीपुढे अर्जदार नतमस्तक आहे.

७. त्यानंतर तो फोटो म्हसवड, फलटण, विट्याच्या रस्त्यांवर आणि खुद्द खडकमाळच्या वेशीवर फलक होऊन उभा राहिला : "चला खडकमाळला, रोज संध्याकाळी उल्कावर्षाव!" रोज. उल्का रोज संध्याकाळी वेळेवर वर्षाव करत नाहीत, हे आपल्या कक्षातील एकाही माणसास खटकले नाही. लोक येऊ लागले. अंधार बघायला येणारे अंधारात ठेचकाळू नयेत म्हणून आपण गावाच्या मध्यभागी उंच खांबावर सहा दिवे लावलेत. आता खडकमाळमधून आकाशगंगा दिसत नाही. उपग्रह मात्र दिसतात; त्यांना तेवढा उजेड अडवत नाही.

आपण नेमलेला वाटाड्या शिवतेज हा भला मुलगा आहे, पण त्याला कागदावर जे दिले तेच तो बोलतो. दि. २१ फेब्रुवारी रोजी सांगलीहून आलेल्या चाळीस माणसांना त्याने उपग्रहांची माळ दाखवून "उल्का!" म्हटले, आणि चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. अर्जदार मध्ये गेला व म्हणाला की हे इंटरनेट आहे. एका गृहस्थाने त्यास विचारले, "पण फलकावरचा फोटो तुम्हीच काढलाय ना? खाली तुमचं नाव आहे." अर्जदार होय म्हणाला. ते म्हणाले, "मग असं काय करता काका?" आणि परत वर पाहू लागले. शिवतेज हळूच म्हणाला, "आप्पा, मला सोडा, मी काय करू? फलकावर हाय त्येच बोलतोय."

चाळीस माणसांपुढे अर्जदाराच्या नावाने अर्जदारच खोटा ठरला. आकाशाबाबत तो आयुष्यात कधी खोटे बोलला नव्हता.

८. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, उघड्यावर, दहा-बारा माणसांसमक्ष, अर्जदार शिडी लावून खडकमाळच्या फलकावर चढला. शिडी शिवतेजने धरली होती. त्याचा यात दोष नाही, त्यास तसा हुकूम अर्जदाराने दिला. पांढऱ्या रंगाने, हातभर अक्षरांत लिहिले : "ह्या उल्का न्हाईत. हे उपग्रह हायेत. फोटो काढणाऱ्याचा शब्द." खाली सही, हुद्दा आणि सैन्यातील क्रमांक लिहिला, म्हणजे आपणास आरोपी शोधण्याचे कष्ट पडू नयेत. शुद्धलेखनाबाबत आपली हरकत असल्यास ती मान्य आहे. मजकुराबाबत नाही.

९. आपल्या नोटिशीत यास "विद्रूपीकरण" म्हटले असून दि. २४ मार्च रोजी सकाळी अकरा वाजता खुलाशासाठी हजर राहण्यास सांगितले आहे. अर्जदार हजर राहील. दंड असेल तो भरेल, गुन्हा दाखल करायचा असल्यास करावा. त्याची विनंती एकच. सुनावणी सकाळी अकराऐवजी सायंकाळी सव्वासात वाजता, आपल्या इमारतीच्या गच्चीवर घ्यावी. त्या सुमारास मृग डोक्यावर असेल. अर्जदार आपल्या शेजारी उभा राहून बोटाने दाखवील. जे जागचे हलणार नाही ते तारे. जे ओळीने चालत जाईल ते इंटरनेट. पंधरा मिनिटे पुरतील. त्यानंतरही आपणास त्या उल्काच वाटल्या, तर तसे आपल्या सहीने लिहून द्यावे. अर्जदार तो कागद घेऊन मुकाट्याने गावी जाईल व फलक स्वखर्चाने पुसून देईल.

येताना चष्मा आणावा.

आपल्या कक्षाचा नाइलाजाने झालेला पुरस्कारविजेता,

(सही)
बिराप्पा सिदू पुकळे
निवृत्त हवालदार

सोबत परत : शाल एक, सन्मानचिन्ह एक, प्रमाणपत्र एक. श्रीफळ त्याच दिवशी एस.टी.तील सहप्रवाशांनी खाल्ले. ते परत करता येत नाही.