राजाच्या काखेतली गाठ

सदर्क, जुलैचा शेवटचा रविवार

तीर्थरूप मामांना जर्व्हेसचा नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देत असतील आणि नॉरिचचं औषधांचं दुकान जोरात असेल, अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे. कागदाला धुरीचा वास येईल, तो मनावर घेऊ नका. (दारावर पहारेकरी आहे, तो पत्रांनाही धुरी देतो.)

तर झालं असं, की नाटक मंडळीत सात वर्षं भालदार-चोपदार केल्यावर मला एकदाचा राजा मिळाला. आमच्या नाटककाराला रोगाशिवाय उपमा सुचत नाही. प्रेम म्हणजे ताप, मत्सर म्हणजे कावीळ, भाऊबंद म्हणजे खरूज आणि मुकुट म्हणजे कपाळावरचं गळू. (त्याला स्वतःला कधी साधं पडसंही झालेलं नाही.) मी खोलीत तोंडाला खडू फासून घोकत होतो, "काखेत गाठ आली, या प्लेगनं मला आतून खाल्लं!" तक्रार नाटकातल्या राणीबद्दल होती. पण भिंतीपलीकडे घरमालकीण टँकर्डबाई होत्या. एरवी माझं काम पाहून "यापेक्षा लाकूड बरं" म्हणणाऱ्या बाईंना नेमकं त्या दिवशी सगळं खरं वाटलं. त्यांनी घरोघर रोगी तपासणाऱ्या चर्चच्या दोन म्हाताऱ्या आणल्या. म्हाताऱ्यांनी माझं पांढरंफटक तोंड आणि घाम पाहिला आणि दारावर प्लेगची लाल फुली मारली. आता चाळीस दिवस घर बंद, आतल्या माणसांसकट. आतली माणसं म्हणजे मी आणि टँकर्डबाई.

बाई दिवसभर भिंत ठोकून माझा उद्धार करतात. "मेल्या, खरंच मेला असतास तर निदान माझी अब्रू तरी राहिली असती." राजा आमच्या मंडळीतल्या लँबर्टला गेला, ज्याला गळू म्हणतानाही हसू येतं. मी रडलो मामा, खोटं कशाला सांगू. बाकी मला काही नको. तुमचा आशीर्वाद पुरे.

तुमचा भाचा,
जर्व्हेस

ता. क. पहारेकरी आत्ताच सांगून गेला. आठवड्याचे मृत्यू वाढले म्हणून सगळी नाटकघरं बंद झाली. लँबर्टचा राजा एक दिवसही बोलला नाही. आनंदाच्या भरात मी भिंत ठोकून बाईंना हे सांगितलं.

आणखी एक ता. क. बाईंनी उलट ठोकलं नाही, म्हणून जाऊन पाहिलं. ताप आहे, काखेत गाठ आहे. मला या गाठीवरची पन्नास वाक्यं पाठ आहेत, त्यातलं एकही कामाला आलं नाही. पाणी पाजलं. तुमच्याकडचं ते कडू औषध मिळेल त्या माणसाबरोबर पाठवा. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी काम चांगलं केलंस हो." हे ऐकायला सात वर्षं गेली मामा. मला ते आणखी एकदा ऐकायचं आहे.