गुडघ्यातली हाकाटी

चिमे, दादाचा आशीर्वाद घे.

मी ठीक आहे, जेवतो, झोपतो. तुझा खोकला गेला का?

इथल्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं. कॅन्सर नाही, पण काही पेशी बिघडल्यात, पुढे होऊ शकतो. म्हणाल्या, "आजोबा, तुमचा गुडघा किती वर्षं सुजलाय! हाडांत रक्त तयार होतं, तिथे ती सूज सारखी हाकाटी करते, 'धावा, धावा!' चांगल्या पेशी धावून धावून थकतात. बिघडलेल्या ऐकतच नाहीत, आणि थकलेल्यांची जागा बळकावतात."

"म्हणजे घरात चोर शिरलाय?"

"चोर कसला, तुमच्याच पेशी त्या."

त्याचाच मी जास्त धसका घेतला. आपण तेल चोळून दुखणं लपवणारी माणसं. तू तरी लपवू नकोस गं.

सुजेवर औषध चालू आहे. काल गुडघा पहिल्यांदाच गार लागला. सून म्हणाली, "बाबा, बरं वाटतंय ना?" मी हो म्हटलं. पण आता आत इतकं शांत आहे, की मी गुडघ्यावर हात ठेवून कानोसा घेत बसतो. हाकाटी थांबल्यावर आत कोण उरलंय, ते पुढच्या तपासणीत कळेल.

तू काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे.

तुझा दादा