भोंग्याच्या सुरात लावलेलं बुलबुल

आप्पा, तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. आपण सगळे एकाच खोलीत राहत होतो, पत्र लिहायचं कुणाला? लग्नानंतरही मी नदी ओलांडून थेरगावातच आले. दुपारी चालत निघालं तरी दिवेलागणीच्या आत तुमच्या दारात. त्यामुळे तुमचं हस्ताक्षर माझ्याकडे नाही आणि माझं तुम्ही कधी नीट पाहिलंही नसेल. तुम्ही पन्नाशी गाठायच्या आत गेलात आणि मी ऐंशीच्या पुढे येऊन बसलेय, म्हणजे खरं तर आता मीच तुम्हाला अरे-तुरे करायला हवं. पण जीभ वळत नाही. लिहायला बसले ती तुमच्या बुलबुलतरंगाबद्दल, कारण त्याविषयी बोलायला माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही, आणि एकटीनं भिंतीशी तरी किती बोलायचं.

साताऱ्याकडून आपण पिंपरीला आलो तेव्हा स्वातंत्र्य अजून नवं होतं. गाव एवढंसं, पलीकडे सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी, आणि माळावर नवाकोरा कारखाना. तुम्ही बॉयलरवर. भोंगा ओढायचं काम तुमच्याकडे आलं, ते तुम्ही आईला असं सांगितलंत की जणू मामलेदारीच मिळाली. बॉयलरवर तुमच्या जोडीला कराचीचे एक काका होते. त्यांनी फाळणीत घरदार सोडलं, पण हे एक वाद्य तेवढं काखोटीला मारून आणलं. लांबट, पोकळ लाकडी फळी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि तारांच्या वर टाइपरायटरसारखी बटणं. मांडीवर आडवं घ्यायचं, डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. एकदोन तारांवर चाल वाजते, बाकीच्या नुसत्या एका सुरात गुणगुणत राहतात. काका मुलाकडे उल्हासनगरला राहायला गेले तेव्हा जाताना ते तुमच्या हवाली करून गेले. तुम्ही नको नको म्हणालात, पण हात आधीच पुढे केलेला होता, असं आई सांगायची.

मला तो पहिला आठवडा दिसतो. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही उंबऱ्यात बसून एकाच भजनाची एकच ओळ पुन्हा पुन्हा काढताय, आणि दर वेळी तिसऱ्या शब्दाशी अडखळताय. आईनं तव्यावरची भाकरी उलटली, ती काळी. "करपली बगा माजी भाकरी. तुमचा सूर गावला का न्हाई अजून?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गावंल गं. कुटं पळून जातुय?" तेवढ्यात मी पुढे सरकले आणि म्हणाले, "आप्पा, मला बी खेळायला द्या की." तुम्ही मला कधी बोट लावलं नव्हतं, पण त्या दिवशी हात उगारलात. "खेळायचं न्हाई, वाजवायचं! ह्ये वाद्य हाय पोरी, खेळणं न्हवं. ध्यानात ठेव." मी रडत आईच्या पाठीमागे गेले. पण ध्यानात ठेवलं, आप्पा. तुम्ही सांगितलेल्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीची मी एवढी राखण केलेली नाही.

एकट्यानं एखादं सुख भोगायचं तुमच्या स्वभावातच नव्हतं. ज्याला त्याला धरून आणायचात. "नुस्तं ऐक राव, पटलं न्हाई तर ऊठ." कारखान्यात विलायतेहून यंत्रं यायची, त्यांच्या खोक्यांच्या फळ्या तुम्ही साहेबाकडून मागून घेतल्यात. तिथला एक सुतार होता, त्यानं कराचीच्या बुलबुलची मापं घेऊन हुबेहूब तसं दुसरं केलं. मग तिसरं नांदेडकडच्या एका फिटरसाठी, चौथं तुमच्या हाताखाली कोळसा टाकणाऱ्या चाकणच्या शेतकऱ्याच्या मुलासाठी. तारा पुण्याहून, सतारीच्या. बटणांच्या डोक्यांसाठी बायकांच्या शिवणाच्या डब्यांतली सदऱ्याची बटणं गायब व्हायला लागली आणि सगळ्या चाळीत तुमच्या नावानं शंख सुरू झाला. शेवटचं आणि सगळ्यांत लहान बुलबुल माझ्यासाठी. त्याच्या आतल्या अंगाला खोक्यावरची इंग्रजी अक्षरं तशीच राहिली होती. तुम्ही ते माझ्या मांडीवर ठेवलंत तेव्हा मी खेळते म्हणाले नाही.

आता एवढी वाद्यं एका सुरात लावायची कशी? जवळ पेटी नाही, सूर सांगणारं कुणी नाही. तुम्ही म्हणालात, भोंगा हाय की. सकाळचा भोंगा झाला की आपापल्या ओट्यावर बसून पाळीवरून सुटलेले, सुट्टीवर असलेले सगळे कान टवकारून खुंट्या पिळतायत, हे दृश्य पिंपरीशिवाय जगात कुठं दिसलं नसेल. भोंगा थांबला तरी तुम्ही रातपाळी संपवून परत येईपर्यंत तोच सूर तोंडानं धरून ठेवायचा, ही माझी कामगिरी. पाण्याला निघालेल्या बायका मला हसायच्या. फिटरनं एकदा शंका काढली, "पण भाऊ, हा सूर बरोबर असंल का?" तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत की बिचारा ओशाळला. "विलायती यंत्र हाय ते. एवढी अक्कल लावून केलेल्या यंत्राचा सूर चुकंल व्हय?" त्या वर्षांत सगळ्यांचाच यंत्रावर असा विश्वास होता. आम्हाला तर वाटायचं, कारखाना आला म्हणजे आता सगळंच सरळ होणार.

चाकणच्या मुलानं गावात सांगितलं आणि तिथल्या सप्त्यात, शेवटच्या दिवशीच्या भजनाला वाजवायचं बोलावणं आलं. तुम्ही किती दिवस धड जेवला नाहीत. तुमचं म्हणणं एकच होतं: लोकांनी एकदा पेटी-मृदंगाच्या जोडीनं ऐकावं, मग याला कुणी खेळणं म्हणणार नाही. आमच्या खोक्याच्या लाकडाच्या खुंट्या मऊ. जरा हादरा बसला की तारा उतरायच्या. वाटेत मालमोटारीचे हादरे, म्हणून निघायच्या दिवशी सकाळच्या भोंग्याला सगळी बुलबुलं लावून झाल्यावर तुम्ही एकेक खुंटी लाखेनं पक्की केलीत. स्वतः, घाई न करता, पणतीवर लाख वितळवून. "आता भूकंप झाला तरी सूर हलत न्हाई," म्हणालात. पुण्याला कांदा उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीत बसून भोसरी, मोशी करत आपण चाकणला पोचलो. वाटभर तुम्ही आमची वाद्यं धोतराच्या पानात गुंडाळून मांडीवर धरली होती.

मंडप भरलेला. पेटीवर बसलेले बुवा म्हातारे, अंगानं स्थूल, बोलायला मऊ. त्यांनी भाता मारून एक पट्टी दाबली, "ह्यो आमचा सूर." तुम्ही तार छेडलीत. कानात खडा गेल्यासारखं झालं. "वर हाय तुमचा जरा," म्हणून त्यांनी पुढची पट्टी दाबली. आता आपण खाली. पुन्हा मागची, पुन्हा पुढची. बुवांनी हात थांबवला. "पाव्हणं, तुमचा सूर माज्या पेटीत न्हाईच की वो. दोन पट्ट्यांच्या मधी कुटंतरी हाय."

"आमचा सूर भोंग्याचा हाय," तुम्ही म्हणालात.

"कंचा भोंगा?"

"कारखान्याचा."

लोक हसले. कुचेष्टेनं नव्हे, पण हसले. बुवांनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, तारा उतरवून मिळवून घ्या, आमी थांबतो. सुतारानं खुंटी पिळली. लाख हलली नाही, लाकूडच उभं चिरत गेलं. फिटरनं जोर लावला तर तार तुटून त्याच्या गालावर बसली. चाकणचा मुलगा आपल्या गावासमोर मान खाली घालून बसलेला. मी माझं बुलबुल दोन्ही हातांनी झाकून धरलं, कुणी हात लावू नये म्हणून. राहिलं एक तुमचं, कराचीचं. त्याला लोखंडी खुंट्या, चावीनं फिरणाऱ्या, त्यांना लाख लावलीच नव्हती. चावी बंडीच्या खिशात. बुवांच्या ते बरोबर ध्यानात आलं. "तुमचं मिळतंय की पाव्हणं. बसा माज्या शेजारी, तुमी एकटंच वाजवा." तुमचा हात खिशात गेला. बराच वेळ आतच राहिला. मग तो रिकामाच बाहेर आला. "न्हाई," तुम्ही म्हणालात, "वाजवायचं तर समद्यांनी."

"मग टाळ घ्या," बुवा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसून म्हणाले, "आन् ह्ये ऱ्हाऊ द्या पोरीकडं. चांगलं खेळणं हाय." माणूस भला होता, आप्पा. वाईट असता तर बरं झालं असतं. तुम्ही टाळ घेतलेत आणि शेवटच्या आरतीपर्यंत वाजवलेत, ठेक्याला एकदाही चुकला नाहीत.

परतताना कांद्याच्या पोत्यांवर बसून आलो. मोशीच्या पुढे फिटर म्हणाला, "आता काय करायचं, भाऊ?" तुम्ही म्हणालात, "कामावर जायचं." दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला, तुम्हीच ओढलात, आणि ओट्यावर कुणी आलं नाही. कुणी कुणाशी भांडलं नाही, कुणी काही ठरवलं नाही. चिरलेली खुंटी सुतार बदलतो बदलतो म्हणाला आणि त्याच्या बायकोनं त्या बुलबुलच्या फळीवर चटणी-मिठाचे डबे मांडले. फिटरची बदली झाली. तुम्ही थोडे दिवस भिंतीकडे तोंड करून वाजवलंत, मग फडक्यात बांधून खुंटीला टांगलंत. एवढी बोलणारी आई, तीच एकदा म्हणाली, "आज वाजवा की वाईच." तुम्ही म्हणालात, "भाकरी करपंल तुजी." ती पदर डोळ्यांना लावून बाहेर गेली, तुम्ही पाहिलं नाहीत.

माझं लग्न झाल्यावर पुढच्या काही वर्षांत तुम्ही आजारी पडलात, लवकर गेलात. कारखानाही गेला. भोंगा थांबून इतकी वर्षं झाली की आता तो सूर काढून दाखवा म्हटलं तर मलाही येणार नाही. मोशीच्या रस्त्यावर आता नव्या मोटारी लादलेल्या लांबच लांब गाड्या तासन् तास अडकून असतात. माझं छोटं बुलबुल कीड लागून पडलं, तुमचं मोठं मात्र मी सांभाळलं. ज्यानं ज्यानं विचारलं त्याला सांगितलं की हे वाद्य आहे. शाळेत शिकवत होते तेव्हा संगीताच्या मास्तरांशी यावरून कडाडून भांडले, वर्षभर आम्ही बोलत नव्हतो. नवरा म्हणायचा, एवढं आहे तर तारा घालून आण आणि वाजवून दाखव, म्हणजे प्रश्न मिटला. मी आज नेते, उद्या नेते म्हणत राहिले. खिशात गेलेला तुमचा हात मात्र मनातून जात नाही. समद्यांनी म्हणजे समद्यांनी, हे तुमचं खरंच होतं. बाकीच्यांना सोडून तुम्ही बसला नसता. पण मला असंही वाटत आलंय की तुम्ही भ्यालात. पेटीशेजारी, भरल्या मंडपात, नीट सुरात लावून एकट्यानं वाजवलं असतं, आणि तरीही ते खेळण्यासारखंच वाजलं असतं तर? मग लाखेवर, भोंग्यावर, कशावरच ढकलता आलं नसतं. तुम्हाला कधी विचारायचं धाडस झालं नाही, आणि विचारलं असतं तरी तुम्ही ऊठ म्हणाला असतात.

गेल्या महिन्यात नातवानं मला न विचारता ते पुण्याला नेऊन तारा घालून आणलं. वाढदिवसाची भेट. समोर बसून त्यानं मोबाइलवर बघून बघून काहीतरी वाजवलं. माझे कान आता गेल्यात जमा आहेत. यंत्र लावून माणसांचं बोलणं कळतं, पण बारीक, वरचे सूर अजिबात येत नाहीत. मी त्याची नखी हलताना पाहत होते. थांबल्यावर तो हसून म्हणाला, "क्यूट आहे ना आजी?" एरवी मी त्याला सोडलं नसतं. तुमच्यासारखाच हात उगारला असता. पण कशाच्या जोरावर भांडणार? मी हो म्हणाले. त्यानं ते टीव्हीशेजारी शोभेला ठेवलंय, आणि मी मरेपर्यंत ते तिथंच राहील, पुढचं मला माहीत आहे.

हे पत्र मी घडी घालून उशाच्या अभ्र्यात ठेवणार आहे. अभ्रे धुवायला टाकले की जाईल तेही. लिहायचं ते एवढंच होतं. तो वाजवत असताना मी समोर बसून होते, एक सूरही ऐकू आला नाही, आणि आप्पा, मला हायसं वाटलं.