फोन घोडीवर, मी मेंढरांमागं

२४ नोव्हें., चांदवडच्या पुढं
फोन चार टक्के. बस. काकी सकाळीच बिऱ्हाड घोडीवर लादून सडकेनं पुढं निघते, मी न् काका रानातनं मेंढरं चारत मागून. म्हणून सोलर पॅनल घोडीवर, सगळ्या ओझ्याच्या वर बांधतो. वायर खाली पिशवीत, पिशवीत फोन. दिवसभर ऊन खाऊन संध्याकाळी मुक्कामाला भरलेला मिळायला पाहिजे. पण काकीच्या कोंबड्यापण ओझ्यावरच बसतात, अन् तांबडी आज अख्खी वाट पॅनलवर बसून आली. घाण केली ती वेगळीच. काकीला म्हणलं हिला खाली बांधा. तर, "ती तिथं गप बसते." आज दिवसभरात एवढंच बोलली माझ्याशी.

२५ नोव्हें.
तांबडीला मीच टोपलीखाली घातली. काकी बघत होती. चोपन्न टक्के!! दिप्याला लावला. गावचा, माझ्याच वर्गातला, आता नाशकात अंबडला कंपनीत. ठेकेदार माणसं भरणार म्हणला, कधी ते नक्की नाय. "फोन केला का आधार घेऊन लगेच निघायचं. नाय उचलला तर मी दुसऱ्याला सांगीन, मंग बोंबलू नको."
म्हणलं दिवसा फोन माझ्यापाशी नसतो.
"मंग कोणापाशी असतो?"
घोडीपाशी.
हसून हसून ठसका लागला त्याला. लागू दे. मला यातनं निघायचंय एकदाचं. तेच रान, तीच शेपटं पुढं.

२७ नोव्हें.
आज फोन खिशातच ठेवला. दुपारच्या आत बंद. बॅटरी म्हातारी झाली, पावरबँक फुगली ती मागंच टाकून दिली. म्हणजे भरलेला पाहिजे तर माझ्यापासून लांब, अन् जवळ पाहिजे तर मेलेला. असलं कसलं...
काका मेंढरांशी बोलतो, मला शिट्टी. मीपण शिट्टीच मारतो परत. काल माणसाशी काय काय बोललो ते आठवत बसलो. एका ट्रॅक्टरवाल्याला "थांबा जरा" म्हणलो होतो. दुसरं काय सापडलं नाय.

२९ नोव्हें., पिंपळगावच्या बाजूला
ढग. एका द्राक्षवाल्याच्या मोकळ्या वावरात मेंढरं बसवली खतासाठी. तो बांधावर उभा राहून वर बघतोय, मीपण. म्हणला, "तुझी कुठं बाग हाय रे?" म्हणलं बाग नाय, फोन हाय. हसला. चांगला माणूस. मोटारीच्या पेटीवर चार्जिंगला लाव म्हणला, पण रानातली लाईट या आठवड्यात रात्रीची. मेंढरं सोडून तिथं कसा बसू.
मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या त्या टोकाला काका-काकी, या टोकाला मी. त्यांचं बोलणं येतं कानावर, शब्द नाय कळत. आई असती तर तिनं तरी फोन... थोरला दादा गावाकडनं नुसता मिस कॉल मारतो.

२ डिसें.
दोन मेंढ्या वाटंतच व्याल्या. एक कोकरू माझ्या काखेत, एक काकाच्या. काकाचा गुडघा सुजलाय. "अजून खंडीभर व्यायच्यात. आपण दोघंच," म्हणला. मी दुसरीकडं बघितलं. सांगितलं नाय त्याला. सांगू तरी काय. फोन आलाच नाय तर?

४ डिसें., आडगावच्या मागं
मोठ्या बिल्डिंगी दिसायला लागल्या. फोन एकोणसत्तर. बघतो तर दिप्याचा कॉल, दुपारचा. मिस कॉल नाय. उचललेला. अकरा मिनिटं.
काकी भाकरी थापत होती. कोण बोललं म्हणलं.
"मी बोलले. पिशवीत वाजत होता."
"काय म्हणला तो?"
"जेव आधी."
जेवलो. काका जाळीच्या खुंट्या ठोकायला गेला, मग काकी म्हणली, "एका खोलीत सहा जण झोपतात. पाणी एक तास येतं. भाकरी कोण करतं विचारलं, तर म्हणे वडापाव आणतो. त्याला सांगितलं, आमच्या पोराला दोन टायमाला भाकर लागते."
"अहो पण कामाचं काय म्हणला?"
"शनवारी ये म्हणला. म्हणलं पोराला इचारून सांगते."
मग दिप्याला लावला. तो उलटा माझ्यावरच, "कोण होती रे ती बाई? माझ्या आईनं इतकं नाय इचारलं मला. तू मीठ जास्त खातो इथपर्यंत सांगितलं तिनं."
मी मीठ जास्त खातो हे मलाच माहीत नव्हतं.
अकरा मिनिटं. निघाल्यापासून माझ्याशी तेवढी बोलली नसंल. राग कोणाचा आला काय कळंना. दिप्याचाच बहुतेक.

५ डिसें.
काकाला कळलंय. आज शिट्टी नाय. "संतोष" अशी हाक मारली. एरवी संत्या. पाहुण्याला मारतात तशी हाक.
दुपारी लिंबाखाली टेकलो. म्हणला, "कंपनीत सावली असंल."
असंल म्हणलं.
"मंग बरंय." अन् उठून कोकराचं तोंड उघडून बघत बसला. कोकराला काय झालेलं नव्हतं.
शिवी घातली असती तर मी पण बोललो असतो. मग सोपं गेलं असतं.

६ डिसें., शनवार, पाथर्डी फाटा
इथून अंबड चालत जाता येतं. पत्र्याचे शेड दिसतात. मेंढरं घोटीच्या अंगाला वळली, काका लंगडत पुढं गेला. जातो का येतो, काय विचारलं नाय. मागं वळून बघितलं पण नाय.
दिप्याचा फोन, "निघाला का? फाट्यावरच थांब, गाडी घेऊन येतो." कळवतो म्हणलं. "कळवतो काय कळवतो! साहेब बसलाय."
काकीनं हंडे, गोधड्या, सगळं चढवलंय. पॅनल सगळ्यात वर जातं म्हणून शेवटचा दोर तेवढा राहिलाय.
"ठेवू का काढू? तुझं हाय ते."
म्हणलं काकी, तुम्हाला काय वाटतं?
"मला काय वाटायचंय. बोल लवकर, घोडी उभी राहीना."
मी म्हणलं थांबा, वहीत एवढं लिहितो. थांबलीये. दोराचं टोक हातात धरून उभी. फोन परत वाजतोय अन् ती फोनकडं नाय, माझ्याकडं बघतीये.