बोचक्याची चादर

बाई, आज मला कोणाशी तरी भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायला हवं ते एसी लावून दार बंद करून बसलेत, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. पालघरला तुमच्या हाताखाली बाळंतिणींच्या वॉर्डात मी शिकाऊ नर्स होते, तेव्हा तुमची सगळ्यात मोठी बोलणी खाल्ली ती चादरीवरून. खाटेवरची मळलेली चादर मी खस्सकन ओढली, झटकली आणि गोळा करून छातीशी धरली. तुम्ही शिरगावच्या. रागावलात की गावची बोली तोंडात यायची. "झटकतेस काय? सगळी घाण वाऱ्यावर सोडलीस. नि आता त्याच अंगानं पोराला उचलणार हायस?" सगळ्या वॉर्डासमोर मला एप्रन बदलायला लावलात. मग शेजारी उभ्या राहून, चादर आतल्या आत कशी गुंडाळायची आणि अंगापासून लांब कशी धरायची ते करून दाखवलंत. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही मांजरपाटाच्या दोन पिशव्या शिवून दिल्यात, एक मळक्या कपड्यांची, एक धुतलेल्यांची. मी हिरमुसले होते. मला साडी हवी होती.

आता मी बोईसरच्या एका खासगी रुग्णालयात आहे. फरशीत तोंड दिसावं इतकं चकाचक. कपडे बाहेर धुवायला जातात, टेम्पो येतो. चादरी येतात त्या कडक इस्त्रीच्या, नाव ठेवायला जागा नाही. आणि तरी महिन्याभरात सिझेरियन झालेल्या तीन बायकांचे टाके चिघळले. तिसरी डोंगरातली, नवऱ्याबरोबर तारापूरला बांधकामाच्या कामावर आलेली. पहिलंच बाळ. तिला ताप चढला, जखमेतून पू यायला लागला, बाळाला जवळ घेताना ओठ घट्ट मिटून घ्यायची. राउंडला आलेले डॉक्टर तिच्या देखत मला म्हणाले, "सिस्टर, ही माणसं आंघोळ न करता येतात आणि नंतर आपल्या नावानं ओरडतात." ती खाली मान घालून ऐकत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती मस्तकातच राहिली.

त्याच दुपारी मी मागच्या दाराशी उभी होते आणि टेम्पो आला. टेम्पोवाल्यानं बोचकं उतरवून गाठ सोडली, आतल्या इस्त्रीच्या चादरी कपाटात रचल्या. मग बोचक्याची तीच चादर जमिनीवर पसरली आणि वॉर्डातले रक्ताचे, पुवाचे कपडे तिच्यावर टाकायला लागला. मी वाकून पाहिलं. आतल्या बाजूला जुने वाळलेले डाग होते, एकावर एक. मी विचारलं, ही कधी धुता? तो सरळपणे म्हणाला, "मॅडम, ये तो बाँधने का है. पेशंट को थोड़ी ओढ़ाते हैं." त्याचं तरी काय चुकलं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. धुलाईवाले म्हणतात चादर रुग्णालयाची, रुग्णालय म्हणतं बोचकं धुलाईवाल्याचं. तिच्यातून घाण जात होती आणि तिच्यातच धुतलेलं परत येत होतं.

टाके त्यामुळेच चिघळले असं मी शपथेवर सांगणार नाही. पण आंघोळीमुळे चिघळले हे डॉक्टर कशाच्या जोरावर सांगतात? मी मॅनेजरसाहेबांना नेऊन ती चादर दाखवली. ते दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "सिस्टर, हे बाहेर बोलू नका. तुमचं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचंय ना?" दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या रंगांच्या नव्या पिशव्या आल्या. म्हणजे कळलं होतं सगळं. कळलं नाही ते फक्त त्या तिघींना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मला राग चादरीचा नाही, चूक कुठेही होते. चूक सापडल्यावरही त्या बाईच्या अंगावरचा ठपका कोणी उचलला नाही, याचा आहे. आणि थोडा तुमचाही आहे. चादर कशी धरायची ते शिकवलंत, साहेबापुढे तोंड कसं उघडायचं ते नाही.

आज सकाळी ती घरी गेली. जखम भरत आली आहे. दारापर्यंत गेली आणि बाळाला घेऊन परत माझ्याजवळ आली. म्हणाली, "बाय, मनात राग धरू नका. कळा चालू झाल्या नि तशीच आली मी, आंगोळ राहिली. माज्यामुलं तुमाला लय तरास झाला." मी तिला काय म्हणाले असेन? टाके जप म्हणाले, जड उचलू नको म्हणाले, आणि बाळाची टोपी नीट केली.

खरं सांगायचं तर बाई, हे सगळं तिला सांगायचं होतं. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्हाला सांगून माझी नोकरी जात नाही.