छातीतली गाठ

प्रिय ताईस, धाकटीचा नमस्कार.

हे भावोजींसमोर वाचू नकोस. मी ठणठणीत आहे. चिमणीला दात आले का?

गिरणीत मी डोळे मिटून कापडावर हात फिरवते, गाठ लगेच सापडते. स्वतःच्या छातीतली मात्र तपासणीला आलेल्या नर्सबाईंना सापडली. "कधी हात लावून बघत नाही?" त्यांनी विचारलं. लाजेनं माझी मान वर होईना. आपण तर आंघोळही परकर गुंडाळून करतो!

बहुतेक गाठी साध्याच असतात म्हणे. माझी कसली, ते सोमवारी कळेल.

पण तू लिहिलंस, ब्लाउज एकाच बाजूला घट्ट होतो म्हणून शिवण उसवलीस. ताई, शिवण राहू दे, दवाखान्यात जा. लाज वाटली तर माझ्या नावानं चार शिव्या घाल, पण जा.

तुझीच,
लाजाळू धाकटी