चार एकर जट्रोफा आणि रॉटरडॅमचं गिऱ्हाईक

१५ जून २००६, सायंकाळी ७
निर्णय झाला. चार एकर जट्रोफा.
आज जालन्यात हॉलमध्ये मीटिंग होती. रोपवाटिकेचे काकासाहेब दोन तास बोलले. बियांपासून तेल, तेलापासून डिझेल, पाणी लागत नाही, शेळी तोंड लावत नाही, युरोपवाले वाट पाहून राह्यले. पडद्यावर एका बाजूला झाड दाखवलं, दुसऱ्या बाजूला विमान. इतकी वर्षं हे कुणाला कसं सुचलं नाही?
चार हजार रोपं बुक केली. बाकीचे लोक चहा पिऊन निघून गेले. व्हिजन नाही.
आजपासून रोजनिशी. रोज लिहायची.

२ जुलै २००६
मधे लिहिणं झालं नाही. फार बिझी.
मोसंबीची बाग तोडली. एकशे चाळीस झाडं. माळावर आपलं खडकाळ वावर पडून आहे, पण तिथं फॉरेनरची गाडी जाणार नाही. मोसंबीचं वावर रोडला लागून. मार्केटिंगचा विचार करावा लागतो.
झाडं उषानं लावलेली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. म्हणून ती घनसावंगीला माहेरी गेल्ती तेव्हाच काम उरकलं. समोर तोडली असती तर तिला त्रास झाला असता. मी या बाबतीत हळवा आहे.
ती आज सकाळी आली. वावरात गेली, बांधावर उभी राह्यली, घरी येऊन भाकरी टाकल्या. काहीच बोलली नाही. म्हणजे पटलंय.

११ जुलै २००६
उषा अजून बोलत नाही. नऊ दिवस झाले. घरात शांतता असली की प्लॅनिंग चांगलं होतं. वरणात मीठ नव्हतं. आई म्हणते, बायकोशी बोल. बोलणार आहे. आधी लागवड.
कडूबा येऊन गेला. त्याचं वावर आपल्या बांधाला लागून. विचारलं, हे खायचं असतं का. म्हटलं नाही, विषारी आहे. मंग जनावराला चालतं का. नाही. मंग सरपणाला? तेही धड नाही. बराच वेळ रोपाकडं बघून म्हणाला, मंग बद्री, ह्याच्यात आपलं काय?
त्याला ग्लोबल मार्केट समजावून सांगितलं. त्यानं तंबाखू मळली. एक एकर तूही लाव म्हटलं तर म्हणे, तुझं चालू दे, मी पाहून राह्यलो.

९ जानेवारी २००७
अंबडला नेट कॅफेत गेलो. युरोपात रॉटरडॅमच्या एका तेलकंपनीला ईमेल केला. कॅफेच्या मालकीणबाई शिवकन्या यांनी टाइप केला. मी फक्त सांगितलं, 'रिस्पेक्टेड सर' दोनदा टाका.
दोन मिनिटांत उत्तर. पीटर साहेब पंधरा तारखेपर्यंत ऑफिसात नाहीत. एवढा मोठा माणूस, स्वतःच्या सुट्टीची खबर मला देतो. शिवकन्याबाई म्हणाल्या, ते आपोआप जातं, सगळ्यांना. त्यांना एक्स्पोर्टचा अनुभव नाही.
प्रिंट काढून घरी भिंतीला लावली.
संकल्प: रोज अर्धा तास इंग्लिश.

२० नोव्हेंबर २००७
पहिलं पीक. दीड बादली.
काकासाहेबांना फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, फोनमधली बाई म्हणाली. मोठं ऑफिस घेतलं असेल.
उन्हाळ्यात झाडं माना टाकायला लागल्ती, म्हणून मोसंबीचंच ड्रिप चालू केलं होतं. पाणी लागत नाही हे बराबर आहे. फक्त पाण्याशिवाय वाढत नाही.
उषा आता बोलते. कामापुरतं.
इंग्लिश सोमवारपासून.

१२ जुलै २००८
पेपरात पहिल्या पानावर: कच्चं तेल १४७ डॉलर. मी दोन वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. पेपर उषासमोर ठेवला. तिनं त्याच्यावर लसूण सोलला.
रॉटरडॅमहून फॉर्म आलाय. नऊ पानं. वर 'सस्टेनेबल' असं लिहिलंय. शिवकन्याबाई म्हणाल्या, टिकाऊ. आपला माल टिकाऊच आहे. दीड बादली अजून तशीच आहे.
प्रश्न: आधी या जमिनीत काय होतं? ठळक अक्षरात लिहायला लावलं: मोसंबी, एकशे चाळीस झाडं, ए-वन जमीन. पाणी देता का? भरपूर, ड्रिपनं. पैकीच्या पैकी मार्क.

९ सप्टेंबर २००८
तपासणी झाली. सविस्तर लिहितो.
फॉरेनर आले नाहीत. त्यांच्या वतीनं पुण्याच्या तारा मॅडम आल्या, शेअर जीपमधून, हातात छत्री. पहिल्यापासून मराठीतच बोलल्या. माझं इंग्लिश भाषण (चार ओळी) वाया गेलं.
मॅडम म्हणाल्या, फॉर्म वाचून मला वाटलं तुम्ही चुकून उलटं लिहिलंय. आमच्या गिऱ्हाइकाला पडीक जमिनीवरचं तेल लागतं. माणसाच्या तोंडचं काढून गाडीच्या टाकीत घातलं, असं तिकडं कुणी म्हणायला नको.
मी ताबडतोब सावरलं. म्हटलं, मोसंबी म्हणजे काही जेवण नाही. आणि जमीन तशी पडीकच होती.
आई (गोजरबाई, वय शहात्तर) दारात गहू निवडत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. "पडीक? ह्या वावरानं माझी पाच लेकरं वाढवली बाई. आधी ज्वारी व्हायची, मंग सुनंनं मोसंबी लावली."
मॅडमनी उषाकडं पाहिलं. उषा म्हणाली, "माझीच झाडं. तोडली तवा लगडलेली होती. ह्यायनं मी नसताना तोडली."
मॅडमचं पेन थांबलं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, दुसरी, खरंच पडीक अशी जमीन आहे का तुमच्याकडे? म्हटलं आहे, माळावर, पण तिथं गाडी जात नाही. त्या म्हणाल्या, मी चालत गेले असते.
चहा घेऊन गेल्या. जाताना उषाशी बराच वेळ बोलल्या. दोन पानं भरून लिहून नेलंय. एवढं लिहितात म्हणजे इंटरेस्ट आहे.

२७ ऑक्टोबर २००८
तीन गोण्या बी निघालं. रॉटरडॅमचं उत्तर येईपर्यंत लोकल मार्केट बघू म्हणून अंबडच्या तेलगिरणीत नेलं. मालक रामराव यांनी बी हातात घेतलं, वास घेतला, खाली ठेवलं. म्हणाले, हे माझ्या मशिनीत घातलं तर उद्या करडीचं तेल खाऊन गिऱ्हाईक दवाखान्यात. गोण्या जीपमधून उतरूसुद्धा दिल्या नाहीत.
लोकल मार्केट मागास आहे.
परत येताना कडूबा वडीगोद्रीच्या फाट्यावर भेटला. गोण्या बघितल्या. त्यानं तंबाखू मळली.

१८ डिसेंबर २००८
उत्तर आलं. अडीच ओळी. शिवकन्याबाईंनी वाचून दाखवलं, मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, हे मात्र आपोआप आलेलं नाही, तुमचं नाव आहे त्यात.
नाकारलं. अन्नाची जमीन, पाण्याचा वापर. पेपरात कच्चं तेल चाळीस डॉलरवर आलंय. तेव्हा त्यांचंही काही खरं नसेल. मंदी आहे. माझा निर्णय चूक नव्हता, टायमिंग...
घरी आलो. उषाला सांगितलं. वाटलं, ओरडेल. तिनं चूल सारखी केली. म्हणाली, "मला इचारलं असतं तर माळावर लावा म्हणले असते. मी बी आले असते खड्डे खांदायला."
एवढंच म्हणाली. मी जेवलो. मीठ बराबर होतं.

१९ डिसेंबर २००८
काल रोजनिशीत टायमिंगबद्दल लिहिलं ते तितकंसं बराबर नाही.
आज उषाला विचारलं, त्या वावराचं काय करू. अडीच वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मोडा, म्हणाली. भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मग म्हणाली, मोडू दोघं मिळून.

२१ डिसेंबर २००८, दुपारी
वावर मोडायला घेतलं. कडूबाचा ट्रॅक्टर. तो सकाळीच घेऊन आला, जट्रोफाबद्दल एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, माझ्याकडं उत्तर तयार होतं. मुळ्या मात्र खोल गेल्यात. उषा मागून झाडं ओढून बांधावर टाकत होती. तिला म्हटलं, हातमोजे घाल, चिकानं खाज येते. तिनं घातले.
अकराला ट्रॅक्टर बंद पडला. टाकी रिकामी. कडूबा म्हणाला, बद्री, तेवढं तू घेऊन ये.
कॅन घेऊन हायवेच्या पंपावर गेलो. लाईन होती. पुढं ऊसवाले, मागं दोन टेम्पो. अर्धा तास उभा राह्यलो. पंपावरचा माणूस जट्रोफाच्या मीटिंगला जालन्याला आलेला होता, तेव्हाच चहा पिऊन निघून गेलेला. त्यानं मला ओळखलं. नळी हातात धरून विचारलं, शेठ, काय भरू?
डिझेल, म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं.